जर्सीवर कोणाचं नाव टाकू? (मॅरिनर्स, रोस्टरच्या बातम्या आणि घरातली शांतता)

बॉथेलची_वेणू | ११ नोव्हेंबर २०२५, २१:४२

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण घरात आठवडाभर धुमसतोय.

चिरंजीव दहा वर्षांचे, सिॲटल मॅरिनर्स या बेसबॉल संघाचे कट्टर भक्त. २०२३ साली त्याला पहिली जर्सी घेतली. २८ नंबर, सुआरेझ. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी मी पाहुण्यांसाठी पुरण शिजवत होते आणि नवरा फोनमध्ये डोकं घालून म्हणाला, "अगं, सुआरेझला ॲरिझोनाला दिला." पोरगं त्या रात्री जेवलं नाही. जर्सी कपाटाच्या तळाशी गेली.

यंदा जुलै संपता संपता तोच सुआरेझ ॲरिझोनाकडून परत! जर्सी वर आली. पोट उघडं पडत होतं तरी घातली. १७ ऑक्टोबरला टोरोंटोविरुद्ध आठव्या इनिंगमध्ये त्याने ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार धावा) मारला तेव्हा मी अशी किंचाळले की शेजारीण काय झालं बघायला आली. पुढचं माहीतच आहे. त्या मालिकेचा सातवा, निर्णायक सामना, टोरोंटोच्या स्प्रिंगरचा होमरन, ४-३ ने हरलो. वर्ल्ड सीरीज, म्हणजे अंतिम फेरी, आजवर एकदाही पाहिली नाही या संघाने, यंदाही नाही.

आता सुआरेझ, नेलर, पोलांको तिघेही फ्री एजंट, म्हणजे करार संपून कुठेही जायला मोकळे. वाढदिवस डिसेंबरात आहे, जर्सी नवीन हवीच. नाव कोणाचं टाकू?

आणि दुसरं. बापलेक सकाळी दात घासायच्या आधी ट्रान्झॅक्शन्सचं पान उघडतात. याला ऑप्शन केलं, त्याला डीएफए केलं, तिसऱ्याला साठ दिवसांच्या यादीत टाकलं. मला यातलं निम्मं कळत नाही. कोणी मराठीत समजावेल का?

खारी_बटर | ११ नोव्हेंबर, २१:५०

रुमाल टाकून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

नेमका_मुद्दा | ११ नोव्हेंबर, २२:१५

जर्सी ही भावनेची नाही, कराराची गोष्ट आहे. मी एक्सेल शीट ठेवली आहे (हसू नका).

हुलिओ रॉड्रिगेझ: ऑगस्ट २०२२ मध्येच लांबलचक करार, किमान २०९ मिलियन डॉलर. पोरगं कॉलेजात जाईल तरी हा इथेच असेल. कॅल रॅली: या मार्चमध्ये सहा वर्षांसाठी १०५ मिलियन, आणि त्याच्या होकाराशिवाय ट्रेड करता (दुसऱ्या संघाला देता) येत नाही. शिवाय यंदा ६० होमरन. पिचरमध्ये (चेंडू टाकणाऱ्यांत) गिल्बर्ट २०२७ पर्यंत, कर्बी २०२८ पर्यंत संघाच्या ताब्यात, पण "ताब्यात" म्हणजे ट्रेड होणार नाही असं नव्हे.

उत्तर: रॅली, २९ नंबर. विषय संपला.

खारी_बटर | ११ नोव्हेंबर, २२:१८

रॅलीचं टोपणनाव 'बिग डंपर' आहे. आमच्या गावात डंपर म्हणजे रात्री वाळू नेणारा. पोराच्या आजोबांना काय सांगणार?

बॉथेलची_वेणू | ११ नोव्हेंबर, २२:३१

आजोबांना डंपरचा खरा अर्थ सांगण्यापेक्षा वाळूचाच बरा.

टकोमाचे_अण्णा | १२ नोव्हेंबर, ०७:०५

वेणूताई, मी राष्ट्रीयीकृत बँकेत ३४ वर्षं काढली, सतरा बदल्या झेलल्या. लेकीकडे टकोमाला आलो तेव्हा बेसबॉल ओ की ठो कळत नव्हतं. पण ट्रान्झॅक्शन्सचं पान पहिल्यांदा पाहिलं आणि म्हटलं, अरे, हा तर आपला बदल्यांचा आदेश!

४० जणांचं रोस्टर म्हणजे आस्थापनेवरची मंजूर पदं. त्यातले २६ प्रत्यक्ष मुख्य शाखेत, सप्टेंबरात २८. उरलेले आमच्या टकोमा रेनिअर्ससारख्या शाखांत.

ऑप्शन म्हणजे पद न जाता खालच्या शाखेत रवानगी. अशी तीन वर्षं वापरता येतात, त्या वर्षात वरखाली कितीही केलं तरी एकच वर्ष मोजतात. पण २०२२ पासून एका मोसमात पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही. त्याआधी बिचाऱ्यांची बॅग उघडायचीच नाही.

ऑप्शन संपले की त्या माणसाला गुपचूप खाली धाडता येत नाही. मग येतो डीएफए (डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट). म्हणजे तुमचं नाव हजेरीपटावरून आज काढलं, टेबल रिकामं करा, आणि पुढच्या सात दिवसांत काय ते ठरेल: दुसरा संघ उचलेल, ट्रेड होईल, खाली जाल किंवा घरी. आपल्याकडे 'पदस्थापनेच्या प्रतीक्षेत' म्हणतात ना, डिट्टो तेच. मी ते पंचवीस दिवस भोगलेत, इथे सातात निकाल लागतो, तेवढं सुख.

साठ दिवसांची यादी ही मोठ्या दुखापतीची. तिच्यात माणूस गेला की ४० मधली जागा रिकामी होते आणि कोणाचं तरी नशीब उघडतं. एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला रोबलेस चेंडू पकडताना जाळीत जाऊन धडकला, खांदा गेला, ऑगस्टपर्यंत बाहेर. छोट्या दुखापतीला फलंदाजांसाठी दहा दिवस, पिचरसाठी पंधरा.

बॉथेलची_वेणू | १२ नोव्हेंबर, ०९:२०

अण्णा, साष्टांग. नवऱ्याने तीन वर्षांत जे समजावलं नाही ते तुम्ही बदलीच्या एका आदेशात समजावलंत. पण मग चांगलं खेळणाऱ्याला खाली का पाठवतात? मुलाचा रोजचा तंटा हाच असतो.

टकोमाचे_अण्णा | १२ नोव्हेंबर, ०९:५८

कारण त्याला पाठवता येतं म्हणून! दोन पोरं आहेत, एक बरा खेळतोय पण ऑप्शन शिल्लक आहे, दुसरा ढेपाळलाय पण ऑप्शन संपलेत. दुसऱ्याला हलवला तर कायमचा हातचा जाऊ शकतो. मग बरा खेळणाराच बॅग भरतो. कॅनझोन यंदा सुरुवातीला इथेच टकोमात खेळत होता, जूनमध्ये वर बोलावला आणि मग काय खेळला ते तुम्ही पाहिलंत.

इथल्या चेनी स्टेडियमवर मी अधूनमधून जातो. एखादा खेळाडू सामना चालू असताना अचानक डगआऊटमधून दिसेनासा झाला की आम्ही म्हातारे एकमेकांकडे बघतो. गडी आय-फाईव्हला, सिॲटलच्या हायवेला लागला! तासाभराचा रस्ता (ट्रॅफिक नसेल तर, म्हणजे कधीच नाही). पण त्या तासात माणसाचं दिवसाचं उत्पन्न कुठल्या कुठे जातं. वर यंदा किमान पगार वर्षाला ७ लाख ६० हजार डॉलर, म्हणजे मोसमातल्या दर दिवसाला चार हजारांवर.

दादर_वेस्ट | १२ नोव्हेंबर, ११:४०

मला एक कळत नाही. खेळाडूला विचारतही नाहीत आणि उचलून दुसरीकडे देतात? आपलं क्रिकेट बरं.

सदाशिव_स्ट्राईकआऊट | १२ नोव्हेंबर, ११:४४

दादरकर, नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिकला गुजरातकडून परत कोणी आणला? आणि पुढच्याच महिन्यात रोहितची कॅप्टनशिप कोणी काढली? २०२४ ला वानखेडेवर स्वतःच्याच कॅप्टनची हुर्यो उडवणारे तुम्हीच ना?

दादर_वेस्ट | १२ नोव्हेंबर, ११:४९

तो विषय काढायचा नाही.

सदाशिव_स्ट्राईकआऊट | १२ नोव्हेंबर, ११:५२

बरं, मग जैस्वालचा काढू? एप्रिलमध्ये मुंबई सोडून गोव्याकडून खेळायला परवानगी मागितली, मेमध्ये म्हणाला नको, मुंबईच बरी. बेसबॉलवाल्यांना महिन्याभरात मन बदलायची चैन नसते.

दादर_वेस्ट | १२ नोव्हेंबर, १२:०१

धागा मॅरिनर्सचा आहे. अवांतर नको.

जुना_किंगडोमकर | १२ नोव्हेंबर, २०:३०

मी सिॲटलला १९९६ साली आलो. किंगडोम नावाचं ते काँक्रीटचं धूड अजून उभं होतं. आत ग्रिफी, रँडी जॉन्सन आणि कोवळा ॲलेक्स रॉड्रिगेझ, तिघे एकाच संघात. मला वाटलं असंच असतं, दर संघात असे तीन असतात!

३१ जुलै १९९८, रँडी ह्युस्टनला गेला. फेब्रुवारी २००० मध्ये ग्रिफी सिनसिनाटीला. त्याच वर्षी डिसेंबरात ॲलेक्स २५२ मिलियनवर टेक्ससला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तर शपथ घेतली, आता बेसबॉल बंद. आणि मग २००१ साली काय झालं? ११६ विजय! तिघांपैकी एकही नाही, आणि उजव्या मैदानात जपानहून आलेला किरकोळ बांध्याचा इचिरो. सहकारी मे महिन्यातच गुपचूप परत आला.

त्यानंतर प्लेऑफ (मोसमानंतरच्या बाद फेऱ्या) बघायला २०२२ उजाडलं, ते सोडा.

पण मला विसरता येत नाही तो २३ जुलै २०१२. न्यूयॉर्कचे यांकीज सिॲटलमध्ये खेळायला आलेले आणि त्याच दुपारी इचिरोला यांकीजला देऊन टाकला. विमान नाही, प्रवास नाही. याच मैदानातल्या एका ड्रेसिंग रूममधून दुसऱ्या ड्रेसिंग रूममध्ये. संध्याकाळी यांकीजच्या राखाडी कपड्यांत फलंदाजीला आला, उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या लोकांना हेल्मेट काढून वाकून नमस्कार केला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस मी, शेजारच्या अनोळखी बाईकडून टिश्यू घेतला.

यंदा ऑगस्टमध्ये त्याचा ५१ नंबर निवृत्त केला. ताई, ५१ ची जर्सी घ्या. तो आता कुठेही जात नाही.

ओवी_रेंटन | १२ नोव्हेंबर, २०:५५

किंगडोमकर काका, डोळे भरून आले. ५१ ला माझं अनुमोदन.

नेमका_मुद्दा | १२ नोव्हेंबर, २१:१०

दहा वर्षांच्या मुलाला निवृत्त माणसाची जर्सी म्हणजे वाढदिवसाला पंचांग देण्यासारखं आहे. (दिवे घ्या.)

बॉस्टनची_ठकी | १३ नोव्हेंबर, ००:२०

मी बॉस्टन रेड सॉक्सवाली. या धाग्यावर केवळ मॅरिनर्सचे आभार मानायला आले. १९९७ च्या ३१ जुलैला तुम्ही हीथक्लिफ स्लोकम नावाच्या पिचरच्या बदल्यात आम्हाला जेसन वॅरिटेक आणि डेरेक लो दिलात. दोघांनी २००४ साली आमचा विजेतेपदाचा ८६ वर्षांचा वनवास संपवला. डेव्हिड ऑर्टिझसुद्धा मूळचा तुमचाच, १९९६ ला मिनेसोटाला देऊन टाकलेला, तोही 'प्लेयर टू बी नेम्ड लेटर' म्हणून. परमेश्वर तुमचं भलं करो.

बाकी आमचीही पाठ सरळ नाही. २०२० मध्ये मूकी बेट्स डॉजर्सला दिला. यंदा १५ जूनला यांकीजचा तिन्ही सामन्यांत धुव्वा उडवून आम्ही घरी गुलाबजाम तळत होतो आणि बातमी आली, डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोला. दहा वर्षांचा ३१३.५ मिलियनचा करार केलेला माणूस! म्हणून 'नेमका मुद्दा' यांना सांगते, एक्सेलवर फार भरवसा ठेवू नका.

नेमका_मुद्दा | १३ नोव्हेंबर, ००:३५

डेव्हर्सच्या करारात नकाराधिकार नव्हता. रॅलीच्या आहे. शीटमध्ये त्याचा वेगळा कॉलम आहे.

ओवी_रेंटन | १३ नोव्हेंबर, ०८:१२

'प्लेयर टू बी नेम्ड लेटर' म्हणजे काय असतं?

टकोमाचे_अण्णा | १३ नोव्हेंबर, ०८:३०

सौदा आज होतो, बदल्यात कोण येणार त्याचं नाव नंतर ठरतं. १९६२ साली क्लीव्हलँडने हॅरी चिटी नावाचा कॅचर न्यूयॉर्क मेट्सला दिला, नाव नंतर ठरवू म्हणाले. दीडेक महिन्याने मेट्सने नाव कळवलं: हॅरी चिटी. स्वतःच्याच बदल्यात परत आला.

ओवी_रेंटन | १३ नोव्हेंबर, ०८:४१

अय्या, हे तर माझ्या सासूबाईंचं लग्न. माहेरची 'कुसुम' पाठवली, इकडे ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं, 'सुनंदा'. प्लेयर नेम्ड लेटर!

बॉथेलची_वेणू | १३ नोव्हेंबर, ०८:४९

ओवी, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये आहे. माइक चालू होता.

खारी_बटर | १३ नोव्हेंबर, ०९:०२

मग जर्सीवर आपलं आडनावच टाका की. आडनाव ट्रेड होत नाही.

ओवी_रेंटन | १३ नोव्हेंबर, ०९:०५

पुन्हा सासूबाईंना विचारा.

हातचा_एक | १४ नोव्हेंबर, १८:१५

मी केलेनिकची जर्सी घेतली होती. हसा. मेट्सकडून आलेला, पुढचा मोठा तारा म्हणून वाजतगाजत. डिसेंबर २०२३ ला अटलांटाला रवाना. मजा म्हणजे रॅलीला 'बिग डंपर' हे नाव यानेच ठेवलं. बारसं करून आत्या निघून गेली.

पण मला वेगळंच म्हणायचंय. जर्सी जाऊ दे, या बातम्यांनी खेळ बघण्यातली मजा मरते असं कोणाला वाटतं का? २६ जुलै २०२१ ला मी मैदानात होतो. ह्युस्टनविरुद्ध ०-७ ने मागे, तिथून डिलन मूरच्या ग्रँड स्लॅमने ११-८ जिंकलो. अनोळखी लोकांच्या गळ्यात पडलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी: आमचा पिचर ग्रेव्हमनला दिला. कोणाला? ह्युस्टनला! त्याच मालिकेत, त्याच मैदानात. खेळाडूंनी चिडून काय काय केलं ते पेपरात आलं होतं. बदल्यात आलेल्या टोरोने आदल्या रात्री ह्युस्टनकडून आमच्याविरुद्ध होमरन मारला होता, त्या रात्री आमच्याकडून ह्युस्टनविरुद्ध मारला. मी टाळी वाजवायला हात उचलला आणि अर्ध्यात थांबलो. कोणासाठी वाजवतोय?

त्या वर्षी ९० सामने जिंकून दोन सामन्यांनी प्लेऑफ हुकलं. त्यानंतर मी वर्षभर फक्त स्कोअर बघायचो, बातम्या नाही. बरं चाललं होतं.

सदाशिव_स्ट्राईकआऊट | १४ नोव्हेंबर, १९:४०

हातचा एक, मी उलटा आहे. पुण्यात बसून सिॲटलचे सामने बघतो. तिथले संध्याकाळचे पावणेसात म्हणजे इथे सकाळचे सव्वासात. चहा, खारी आणि तिसरी इनिंग, मग ऑफिस. संपूर्ण सामना आठवड्यात एखादाच. मला धरून ठेवतात त्या बातम्याच. ३१ जुलैची ट्रेडची डेडलाईन इथे रात्री साडेतीनला संपते. यंदा गजर लावून उठलो. नेलर आठवड्याभरापूर्वीच आलेला, सुआरेझही आला, म्हटलं आता तरी झोपावं. बायको म्हणाली, कोणी आजारी आहे का?

आणि संघाचा कारभार बघणारे आपले साहेब जेरी डिपोटो! २०१८ च्या डिसेंबरात रक्ताची गाठ झाली म्हणून लास व्हेगासला रुग्णालयात भरती, तिथल्या खाटेवरून तीन संघांचा ट्रेड पुरा केला. अशा माणसाच्या संघाच्या बातम्या न बघता राहायचं म्हणजे जत्रेला जाऊन पाळण्यात न बसण्यासारखं.

हातचा_एक | १४ नोव्हेंबर, १९:५५

पाळण्यात बसून मला उलटी होते, हाच तर मुद्दा आहे.

बॉस्टनची_ठकी | १४ नोव्हेंबर, २३:१०

निदान खऱ्या बातम्यांवर उलटी करा. डिसेंबर २०२३ ला जपानी तारा ओहतानी टोरोंटोच्या संघाकडे निघाला म्हणून अख्खा देश एका खासगी विमानाचा नकाशा बघत बसला होता. विमान उतरलं, आतून टीव्हीवरचे उद्योगपती रॉबर्ट हर्जावेक निघाले, सहकुटुंब. दुसऱ्या दिवशी ओहतानीने स्वतः जाहीर केलं, डॉजर्स.

माझा नियम: पासन किंवा रोझेंथल या बेसबॉल पत्रकारांचं नाव असेल तरच उठून बसायचं, आणि तेही खातं खरं आहे ना हे दोनदा बघून.

जुना_किंगडोमकर | १५ नोव्हेंबर, ०६:५०

सिॲटलपुरतं इथला पत्रकार डिविश काय लिहितो ते बघायचं. बाकी सगळी गावगप्पा.

हातचा_एक | १५ नोव्हेंबर, ०७:३०

२०१५ चा फ्लोरेस आठवतो? मेट्सचा. सामना चालू असताना अफवा पसरली की त्याला मिलवॉकीला दिला. प्रेक्षकांनी फोन बघून त्याला सांगितलं, संघाने नाही. बिचारा शॉर्टस्टॉपला उभा राहून बाहीने डोळे पुसत होता. सौदा नंतर फिसकटला. दोन दिवसांनी बाराव्या इनिंगमध्ये त्यानेच होमरन मारून सामना जिंकला आणि जर्सीवरचं मेट्सचं नाव मुठीत धरून धावत आला.

बातम्या बघणं बंद केलं तरी हे सगळं मला पाठ आहे, याचा अर्थ काय घ्यायचा तो घ्या.

सदाशिव_स्ट्राईकआऊट | १७ नोव्हेंबर, ०८:२५

नेलर!!! पाच वर्षं!!! ९२.५ मिलियन!!!

खारी_बटर | १७ नोव्हेंबर, ०८:२६

खातं खरं आहे ना ते दोनदा बघितलंत का?

सदाशिव_स्ट्राईकआऊट | १७ नोव्हेंबर, ०८:२७

तीनदा. पासन. चहा सांडला.

नेमका_मुद्दा | १७ नोव्हेंबर, ०८:४०

मोसमाच्या मध्यात ट्रेड होऊन आलेल्या खेळाडूला क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाची ठरावीक रकमेची ऑफर) देता येत नाही, म्हणजे तो गेला असता तर बदल्यात ड्राफ्टची (नवे खेळाडू निवडायची) निवडही मिळाली नसती. उत्तम सौदा. शीट अपडेट केली. ताई, आता नेलरही चालेल, १२ नंबर. शिवाय त्या देहयष्टीचा माणूस ट्रेडनंतर इथे १९ बेस चोरतो, याला शीटमध्ये कॉलमच नव्हता.

जुना_किंगडोमकर | १७ नोव्हेंबर, ०९:१५

ठरलं तर मग. पण उद्याच ४० च्या यादीत कोणाला घेऊन रूल फाइव्ह ड्राफ्टपासून (त्यात यादीबाहेरचे खेळाडू दुसरे संघ उचलतात) वाचवायचं त्याची मुदत आहे. जागा करायला कोणाचा तरी डीएफए होईल. अण्णा, चेनी स्टेडियमवरच्या ओळखीच्या पोरांकडे लक्ष ठेवा.

टकोमाचे_अण्णा | १७ नोव्हेंबर, ०९:३०

सकाळपासून पान रिफ्रेश करतोय. लेक म्हणते, बाबा, तुमच्या स्वतःच्या बदलीला एवढे जागला नव्हतात.

बॉथेलची_वेणू | १७ नोव्हेंबर, २१:०५

सगळ्यांना धन्स. आज जेवताना चिरंजीवांसमोर पर्याय मांडले. रॅली, हुलिओ, नेलर, इचिरो. तुमची कारणंसुद्धा सांगितली, नकाराधिकाराच्या कॉलमसकट. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, वरणभात संपवला आणि म्हणाला, "सुआरेझच. मोठ्या मापाची."

म्हटलं, अरे, तो कुठे सही करेल माहीत नाही. तर म्हणतो, "मागच्या वेळी पण गेला होता ना?"

नवरा म्हणतोय घेऊन टाक. मी अजून दुकानाचं पान उघडून बसलेय.

नेमका_मुद्दा | १७ नोव्हेंबर, २१:१२

ताई, निदान तो दुसरीकडे सही करेपर्यंत थांबा. मग तीच जर्सी निम्म्या किमतीत मिळेल.

बॉस्टनची_ठकी | १७ नोव्हेंबर, २१:१४

आणि बॉस्टनला आला तर मी इथून पाठवते, नवीकोरी.

बॉथेलची_वेणू | १७ नोव्हेंबर, २१:१५

ठके, जीभ आवर.